मिस्त्रीला छान म्हणायचं नाही

ज्या माणसाबद्दल मी सांगणार आहे, त्याला चांगलं म्हटलेलं खपत नसे. तेव्हा आधीच सांगून टाकते, तो चांगला नव्हता. दारू पीत नव्हता, कुणाशी भांडत नव्हता, शेडची किल्ली सांगितलेल्या खिळ्यालाच अडकवायचा. पण चांगला नव्हता. माझ्या फ्रिजला कान लावून म्हणाला होता, "मावशी, ह्यो जानेवारी काढत न्हाई." त्यानंतर पाच जानेवाऱ्या गेल्या. फ्रिज चालू आहे. मी हे त्याला दरवर्षी फोनवर सांगते. तो म्हणतो, "आवाज कसा येतो ते सांगा." चुकलो म्हणून अजून म्हणाला नाही.

गाव त्याला मिस्त्री म्हणायचं, मीही मिस्त्रीच म्हणायची. विहिरीवरची मोटार जळाली की आतली तांब्याची तार उसवून नवी तार भरून द्यायची, हा त्याचा धंदा. मूळचा पाटणकडचा. आमच्या तालुक्याच्या गावाला बस स्टँडसमोर त्याचं दुकान होतं. वय पन्नाशीचं, कानावर पेन्सिल, बोटं कायम वार्निशनं काळी. भर मे महिन्यात अंगात स्वेटर. चहा पुढे केला की तो निवून वर साय धरेपर्यंत हात लावायचा नाही. मी एकदा साय काढून दिला तर म्हणाला, "मावशी, साय हाय म्हणूनच चहा हाय." 

कान लावणं ही त्याची मोठी सवय. मोटारीला कान लावायचा ते ठीक, धंदाच आहे. पण हा दाराला, भिंतीला, पाण्याच्या टाकीला, उभ्या बैलाच्या पोटालाही कान लावायचा. बैलानं एकदा पाय झाडला. तेव्हाही आधी म्हणाला, "बरोबर हाय," आणि मग मांडी चोळत बसला.

माझी बेदाण्याची शेड आहे. लांबलचक लोखंडी सांगाडा, त्यात तारांवर ताणलेल्या जाळ्या एकावर एक अकरा थर, वर पत्रा, बाजूनं हिरवी नेट. द्राक्षं निघायला लागली की इथं जाळ्यांवर वाळत घालायची. उन्हाळा संपला की शेड रिकामी. मिस्त्री जून महिन्यात बोअरची मोटार काढायला आला आणि जाताना शेडमध्ये शिरला. एक टाळी वाजवली. मग एका खांबाला कान लावून पुन्हा टाळी वाजवली.

"मावशी, ही शेड पावसाळ्यात काय करती?"

"उभी ऱ्हाती."

"मला द्या."

"कशाला?"

"वाजवायला."

मला वाटलं भजन. म्हटलं, "भजनी मंडळ हाय व्हय तुमचं?"

"न्हाई. पोस्ट-पंक."

मी म्हटलं, जे असेल ते, पण अट एकच. द्राक्षाचा पहिला टेम्पो दारात लागला की त्याच घटकेला बाहेर. अर्धं वाजवून झालं असलं तरी बाहेर. त्यानं शेडकडे एकदा बघितलं, आणि म्हणाला, "पटलं."

पोस्ट-पंक म्हणजे काय हे मला त्यांच्यातल्या पोरीनं सांगितलं. ही सांगलीची, झेरॉक्सच्या दुकानात कामाला, केस मुलासारखे कापलेले, गिटार वाजवायची. म्हणाली, "आज्जी, चिडलेली पोरं जे वाजवतात ते पंक. आणि चिडून चिडून दमल्यावर जे वाजवतात ते पोस्ट-पंक." मी म्हटलं, "मग दमल्यावर झोपायचं सोडून वाजवता कशाला?" ती हसली. मिस्त्रीनं हे वाक्य वहीत लिहून घेतलं.

असे चौघे जण होते. मिस्त्री स्वतः चार जाड तारांची गिटार वाजवायचा. बाकीच्या गिटारी गातात, ही घुमते. तिला खांद्याला अडकवायला पट्टा नव्हता, मोटारीचा जुना बेल्ट लावला होता. आणायचा पेंडीच्या पोत्यात घालून. दुसरी ती पोरगी. तिसरा ड्रमवाला, मिरजेच्या गादीवाल्यांच्या घरातला. त्याच्या बापानं आणि आज्यानं जन्मभर कापूस पिंजला, हा ड्रम पिंजायचा. तो फारसा बोलायचा नाही, पण माझ्या सगळ्या उशा त्यानं न सांगता भरून दिल्या. आणि चौथा गायक. बँकेत नोकरीला, गोरा, केसाला जेल. तो गायला लागला की माझ्या पुतणसुनेला शेडकडे काहीतरी काम निघायचं.

पहिल्या दिवशी वाजवून झाल्यावर मिस्त्री बाहेर आला. मी नेटला गाठी मारत बसले होते.

"मावशी, कसं वाटलं?"

"पत्र्यावर माकडं उतरली."

त्यानं कानावरची पेन्सिल काढली, वही उघडली आणि लिहिलं. मला वाटलं राग आला. पोरगी मागून म्हणाली, "आज्जी, खूश झालेत ते. ते गाणं आता राहिलं."

मग मला कळलं की ह्या माणसाचा नियमच उलटा आहे. कुणी "छान" म्हटलं, "मस्त" म्हटलं, नुसती मान डोलावली तरी ते गाणं तो जागच्या जागी पुसून टाकायचा. म्हणायचा, "छान वाटलं म्हंजे कुटंतरी आधी ऐकल्यालं हाय. ऐकल्यालंच वाजवायचं तर कशाला वाजवायचं?" आणि दुसरं म्हणायचा, "ज्या मोटारीचा आवाज येत न्हाई ती एक तर नवी असती, न्हाईतर जळाल्याली." हे तो इतक्या वेळा म्हणायचा की ड्रमवाला अर्ध्यातच काठ्या आपटून पुरं करायचा.

तेव्हा सगळ्या गावात त्याला उपयोगी अशी मी एकटीच निघाले. मला खोटं बोलायची सवय नाही आणि कुणाचं मन राखायचीही नाही. माझ्या सासूच्या हातच्या पोळीला मी लग्नानंतर चौथ्या दिवशी चामडं म्हटलं होतं. तर मिस्त्री प्रत्येक गाणं झालं की वही घेऊन माझ्यासमोर उभा. मी सांगायची, तो लिहायचा. "म्हशीला इंजेक्शन देतायत." "लग्नात दोन बँड समोरासमोर आले आणि नवरा पळून गेला." "दात दुखत असताना शेजारी मिक्सर लावलाय." एका गाण्याला मी नुसतं "संपलं का?" एवढंच विचारलं. तेही लिहिलं.

त्याची बायको पाटणला शाळेत नोकरी करायची. हा पंधरा दिवसांनी जायचा. एकदा मोटारीचं काय ठरलं म्हणून मी त्याच्या पाटणच्या घरी फोन लावला तर तिनं उचलला. मी विचारलं, "बाई, हा असा पहिल्यापासनंच का?" ती म्हणाली, "मावशी, लग्नात बोहल्यावर मी हळूच म्हटलं, फेटा छान दिसतोय तुम्हाला. त्यांनी काढून मामाच्या मांडीवर ठेवला. सगळ्या फोटोंत बोडकेच आहेत. तेव्हापासून मी जेवणाला वाईट म्हटलं की ते दोन भाकरी जास्त खातात. आता जमलंय आमचं." बाई शहाणी होती.

गायकाला मात्र जमलं नाही.

गणपती झाल्यावरची गोष्ट. त्यांचं एक गाणं झालं होतं. ते ऐकवून पुण्याला कुठल्याशा मोठ्या कार्यक्रमात गायकानं दिवस ठरवून आणला होता, नव्या शर्टाचं मापही देऊन आला होता. त्या दुपारी शेडमध्ये गाणं लॅपटॉपवर पक्कं करून ठेवलं. तेवढ्यात माझी पुतणसून चहाची किटली घेऊन आली. गाणं ऐकून तिनं किटली खाली ठेवली आणि गालाला हात लावून म्हणाली, "अय्या, किती गोड!"

मी तिला चिमटा काढला, पण उशीर झाला होता. मिस्त्री उठला, लॅपटॉपपाशी गेला, दोन बटणं दाबली आणि परत येऊन चहावर साय धरायची वाट बघत बसला.

गायक आधी हसला. मग लॅपटॉप बघितला. मग ओरडला, "आवं मिस्त्री, ते गाणं गेलं का खरंच?"

"गेलं."

"का?"

"गोड हाय म्हणाल्या त्या."

"मग गोड असल्यावर लोक गोडच म्हणणार की! कारलं म्हणणार का?"

गायकानं माईक जाळीवर फेकला. अकरा थर जाळ्या वरपासून खालपर्यंत थरारल्या. "माझ्याशिवाय तुमच्याकडं हाय काय? चार जाड तारा आणि एक जळकी मोटार!"

मिस्त्री म्हणाला, "मोटार भरून मिळती." आणि माईक अजून जाळीत लोंबकळत होता त्याच्याजवळ जाऊन कान लावून उभा राहिला. जाळ्या अजून वाजत होत्या. "ह्ये ऐका," तो म्हणाला. गायक तोपर्यंत मोटारसायकलला किक मारून गेला होता. पुण्याच्या कार्यक्रमाला तो एकटाच गेला आणि तिथंच बदली घेऊन राहिला.

पुतणसून चार दिवस रडत होती. मी तिला सांगितलं, रडण्याजोगं काही झालेलं नाही, फक्त तोंड बंद ठेवायला शीक.

त्यानंतर दिवाळीपर्यंत शेडमधून तिघांचंच वाजणं यायचं. मधे गाणारा माणूस नाही, नुसती बाजूची वाद्यं. ऑक्टोबरची छाटणी होऊन गेली होती, वेली फुटल्या होत्या. छाटणीपासून माल निघेपर्यंत चार महिने, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मिस्त्रीनं शेडच्या खांबावर खडूनं रेघा मारायला सुरुवात केली. आठ गाण्यांचा अल्बम करायचा आणि टेम्पो लागायच्या आत करायचा, असं त्यानं धरलं होतं.

एक दिवस पोरगी माझ्या स्वयंपाकघरात आली. उगाच लसूण सोलायला बसली. मी म्हटलं, "काय ते बोल. लसूण एवढा लागत न्हाई मला."

"आज्जी, आपल्या त्या गायकानं मला पुण्याला बोलावलंय. त्याच्या नव्या बँडमध्ये."

"मग जा की."

"जाऊ वाटत नाही. असलं वाजवणारं दुसरं कुणी नाही. पण तीन वर्षांत किती गाणी केली आम्ही? साठ-सत्तर. ठेवलीत किती? बारा. आज्जी, हा अल्बम पुरा झाला तर मी हितंच राहणार. पण ह्यातलं एक जरी गाणं पुसलं ना, मी चालले. ड्रमवाला पण म्हणालाय, गाद्यांचं बघतो आता."

"हे मिस्त्रीला सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हणाले, मग वाईट वाजवा."

नवा गायक म्हणून मिस्त्रीनं पाच-सहा जण आणून बघितले. एक भजनी बुवा आले, ते प्रत्येक ओळीला आळवत बसले. एक पोरगा आला, स्पर्धेत बक्षीस मिळालेला, तो गाताना डोळे मिटायचा. मिस्त्री सगळ्यांना चहा पाजून वाटेला लावायचा. "छान गातात," म्हणायचा, जसं कुणाला ताप आलाय असं सांगावं तसं.

आमच्या गल्लीत दोन घरं सोडून एक कंट्रोलर राहायचे. स्टँडवर कोणती गाडी कुठल्या फलाटाला लागली ते माईकवरून पुकारणारे. कोरेगावकडे सगळी नोकरी झाली, रिटायर होऊन लेकीकडे राहायला आले होते. नोकरी सुटली, पुकारणं सुटलं नव्हतं. नाकातला, सपाट आवाज, वर नाही खाली नाही. सकाळी सहाला अंगणातून सुरू. "आंघोळीचे पाणी तापलेले आहे. आंघोळीचे पाणी तापलेले आहे. जावईबापूंनी मोरीकडे जावे." सगळं दोनदा. लेक म्हणायची, "आवं आबा, ऐकू येतंय आमाला." ते म्हणायचे, "बाहेरगावच्या प्रवाशांसाठी दुसऱ्यांदा सांगावं लागतं."

मिस्त्री त्यांच्या घरी पाण्याची मोटार बसवायला गेला आणि अंगणात पान्हा हातात धरून उभाच राहिला. आत कंट्रोलर नातीला पुकारत होते. "शाळेला जाणारी नात अद्याप तयार नाही. तरी रिक्षावाल्यांनी थांबावे."

"कंट्रोलर साहेब, तुमी गाता का?"

"आयुष्यात कधी गायलो नाही."

"मग या."

दुसऱ्या दिवशी कंट्रोलर आले. खाकी कपडे, इस्त्री केलेले, खिशाला शिट्टी. शेडमध्ये शिरून म्हणाले, "टेबल-खुर्ची कुठे आहे? टेबल-खुर्चीशिवाय माझा आवाज निघत नाही." माझं धान्य निवडायचं टेबल दिलं. मग म्हणाले, "वेळापत्रक?"

"कसलं?" पोरगी म्हणाली.

"गाण्यांचं. कुठलं गाणं किती वाजता सुटणार? वेळेआधी मी सोडणार नाही. मागे राहिलेल्या माणसाचा तळतळाट लागतो."

मला वाटलं मिस्त्री ह्याला पण चहा पाजणार. पण मिस्त्रीनं खडू घेतला आणि पत्र्यावर वेळापत्रक लिहिलं. पहिलं गाणं दुपारी दोन दहा. दुसरं तीन पाच. आणि खरोखर तसंच चालायला लागलं. तिघं वाद्यं धरून ताटकळत उभी, कंट्रोलर घड्याळाकडे बघत बसलेले. दोन दहा झाले की शिट्टी. मग ड्रम, मग ती घुमणारी गिटार, आणि त्यावर कंट्रोलरांचा तो सपाट आवाज. गाण्याला शब्द म्हणजे गावांचीच नावं, आणि कोण आलं, कोण राहिलं, कोणाची वाट बघू नये. प्रत्येक ओळ दोनदा. एकदा ड्रमवाल्याला उशीर झाला, तर त्यांनी तेही पुकारलं, "मिरजेहून येणारा ड्रम तांत्रिक कारणाने उशिरा धावत आहे." मिस्त्रीनं ते गाण्यात ठेवलं.

पहिल्या गाण्याला मी म्हटलं, "कुणीतरी मेलंय आणि गाडी पण चुकलीय." मिस्त्रीनं लिहिताना पेन्सिलचं टोक मोडलं, इतका खूश झाला.

ह्याच गाण्यानं बाजाराच्या दिवशी घोटाळा झाला. मी मिरच्या घ्यायला तालुक्याला गेले होते आणि मिस्त्रीच्या दुकानात बसले होते. त्याला मोठ्या स्पीकरवर आवाज कसा येतो ते बघायचं होतं. दुकान स्टँडच्या समोर, स्पीकर दारात, आणि कंट्रोलरांचा आवाज लागला, "जतला जाणारी गाडी... जतला जाणारी गाडी..."

स्टँडवरची माणसं उठली. बोचकी उचलली. एक बाई पोराला काखेत मारून फलाटाकडे पळाली, तिच्यामागे चाळीस जण. फलाट मोकळा. मग सगळे आवाजाच्या दिशेनं आमच्या दुकानाकडे. सगळ्यांत पुढे एक धनगर म्हातारा, लाल पागोटं, खांद्यावर घोंगडं, काखेत कोकरू.

"गाडी कुटं हाय?"

मिस्त्री म्हणाला, "गाडी न्हाई आजोबा. गाणं हाय ते."

"गाणं?" म्हाताऱ्यानं स्पीकरकडे बघितलं, मग मिस्त्रीकडे. "मग गान्यात बसून जतला जाऊ का? कोकराला कुटं बसवू, पेटीत?"

"चुकलं आमचं."

"चुकलं न्हाई, नासलंय! माझ्या उमरीत असलं गानं ऐकलं न्हाई. गाडीपरीस गानं लांब!"

मिस्त्रीनं वही काढून त्याला विचारलं, "शेवटचं काय म्हणाला? परत सांगा की." म्हाताऱ्यानं काठी उगारली. मी मधे पडले नसते तर अल्बम तिथंच संपला असता. खरी गाडी लागेपर्यंत त्या म्हाताऱ्याला आणि कोकराला दुकानात बसवलं, मिस्त्रीनं दोघांना दूध पाजलं. जाताना म्हातारा मला म्हणाला, "बाई, ह्यो तुजा कोन?" मी म्हटलं, "कोणी न्हाई." म्हणाला, "बरं हाय मग."

अशी करत सात गाणी झाली. सातही मला आवडली नाहीत, सातही राहिली. माल निघायला अजून बारा दिवस होते. आठवं गाणं काही होत नव्हतं. मिस्त्री रोज नवीन काहीतरी घेऊन यायचा आणि स्वतःच कान वाकडा करायचा.

आणि आभाळ आलं. जानेवारीच्या शेवटाला ढग आले की द्राक्षवाला माणूस जेवण टाकतो. पाऊस झाला तर घड चिरतात. माझ्या पुतण्यानं सकाळी बागेतनं फोन केला, "काकी, आजच काढतोय सगळं. दुपारी माल पाठवतो, शेड मोकळी करा."

मी शेडमध्ये गेले. मिस्त्रीला सांगितलं. त्यानं खांबावरच्या रेघा बघितल्या.

"बारा दिवस होते, मावशी."

"आभाळाला सांग."

"दोन दिवस द्या."

"न्हाई. ठरलं होतं काय?"

"टेम्पो दारात लागला की बाहेर."

"मग?"

तो म्हणाला, "अजून लागला न्हाई," आणि आत गेला.

मला कामाची घाई होती. बायका आल्या होत्या, वाळत घालण्याआधी द्राक्षं औषधात बुडवायच्या टाक्या भरायच्या होत्या, जाळ्या झाडायच्या होत्या. मी मिस्त्रीकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी कोपऱ्यात वाजवायला सुरुवात केली. ड्रमवाला रिकाम्या क्रेटच्या आपटण्यात आपला ठोका मिसळायला लागला, की बायकाच त्याच्या ठोक्यावर क्रेट आपटायला लागल्या, कोण जाणे. पोरीच्या गिटारीनं वरच्या जाळ्या किरकिरत होत्या. मिस्त्रीची घुमणारी खालच्या. मी ओरडत होते, "अगं चपला भाईर काढा! वरच्या थराला कोन हाय? हात धुतलं का?" मिस्त्रीनं माईक कुठं ठेवला होता मला माहीत नव्हतं.

मग टेम्पो आला. वळणावर दिसला, दाराकडे मागं यायला लागला. मी म्हटलं, "झालं मिस्त्री. उचला."

तेवढ्यात कंट्रोलर खुर्चीतनं उठले. आयुष्यभराची सवय, गाडी मागं येतेय म्हटल्यावर त्यांच्यानं बसवेना. शिट्टी वाजवली आणि माईकमध्येच पुकारायला लागले. "मळ्यातून येणारा टेम्पो शेडला लागत आहे. मळ्यातून येणारा टेम्पो शेडला लागत आहे. येऊ द्या. येऊ द्या. येऊ द्या. कोणीही मागे राहू नये." ड्रायव्हर बिचारा त्यांच्याच हुकमानं मागं येत होता. तिघं वाजवतच होते. टेम्पोचा मागचा फळका शेडच्या उंबऱ्याला टेकला, धडाम आवाज झाला, आणि तिघांनी एकदम हात उचलले. पट्टीनं मारलेल्या रेघेसारखं गाणं थांबलं.

मिस्त्री शब्दाला पक्का होता. अर्ध्या तासात शेड मोकळी. ड्रम, टेबल, खुर्ची, सगळं माझ्या ओसरीवर आलं. पहिल्या तीन जाळ्या त्या चौघांनीच भरून दिल्या, कंट्रोलरांनी खाकी बाह्या दुमडून.

पाच दिवसांनी मिस्त्री लॅपटॉप घेऊन आला. सोबत पोरगी आणि ड्रमवाला. ओसरीवर लॅपटॉप ठेवला, वही काढली, पेन्सिल काढली.

"आठवं ऐकवायचं राह्यलंय, मावशी. ऐका."

पोरगी त्याच्या मागं उभी होती. तिच्या खांद्याला प्रवासाची पिशवी होती. ती माझ्याकडे बघत होती, आणि का बघतेय ते मला कळत होतं.

गाणं लागलं. आधी क्रेटचे आवाज. मग ड्रम. मग जाळ्या. मग कुणीतरी म्हातारी कर्कश ओरडली, "हात धुतलं का?" आणि ती मी होते. मी त्या शेडमध्ये वीस हंगाम उभी राहिलेय, सासऱ्यांच्या हाताखाली, नवऱ्याबरोबर, आणि नवरा गेल्यावर एकटी. तिथं इतकं काय काय वाजतं हे मला माहीत नव्हतं. बायका मागं हसत होत्या. त्यातली एक आता राहिली नाही, पण तिचं हसणं त्यात आहे. कंट्रोलर येऊ द्या, येऊ द्या म्हणत होते. मग धडाम.

मी म्हटलं, "परत लाव."

आजवर कुठलंच गाणं मी परत लावायला सांगितलं नव्हतं. मिस्त्रीनं माझ्याकडे बघितलं. मग परत लावलं. मी दुसऱ्यांदा ऐकलं.

त्याचं बोट त्या पुसायच्या बटणावर होतं. पोरीनं पिशवीचा बंद घट्ट धरला.

मी म्हटलं, "भिकार हाय."

"नक्की?"

"भिकारच. असलं भिकार मी जन्मात ऐकलं न्हाई."

मिस्त्रीनं माझ्याकडे बघितलं, फ्रिजला कान लावताना बघितलं होतं तसं. मला वाटलं आता हा माझ्या छातीला कान लावतो. पण त्यानं बटणावरचं बोट काढलं, पेन्सिल उचलली, वहीत लिहिलं आणि वही मिटली. पोरीनं पिशवी खाली ठेवली आणि आत जाऊन चहा टाकला. ड्रमवाल्यानं पोत्यातून एक नवी गादी काढून माझ्या पलंगावर घातली.

अल्बम निघाला. नाव ‘भिकार’. वर कंट्रोलरांचा खुर्चीवर बसलेला फोटो, खाली माझी आठही वाक्यं. पुण्यामुंबईची पोरं कधी कधी गावात येतात, आज्जी त्या तुम्हीच का म्हणतात, अल्बम छान झालाय म्हणतात. मी त्यांना चहा देते आणि सांगते, हे मिस्त्रीच्या दुकानावर जाऊन बोलू नका. पोरगी सांगलीतच आहे. त्यांनी आणखी दोन अल्बम केले. शेड आता दुसरी घेतलीय, जतकडे, जिथं वर्षभर ढग येत नाहीत.

ती वही तो माझ्या खिळ्याला किल्लीबरोबर अडकवून गेला. म्हणाला, "भरली, आता नवी घेतली." भरली नव्हती, मागची पानं कोरी होती. मी चष्मा लावून वाचली. सगळी माझी वाक्यं त्यात तारखेवार होती. शेवटच्या गाण्यापुढे त्यानं आधी ‘परत लाव’ असं लिहिलं होतं. त्यावर काट मारून बाजूला ‘भिकार’ लिहिलं होतं. काट एकच, बारीक रेघेची, खालचं स्वच्छ दिसेल अशी. मी चौथीपर्यंतच शिकलेय, पण खोडलेलं मला वाचता येतं.

हे सगळं मी त्याच वहीच्या कोऱ्या पानांवर लिहिलंय. कुणी त्याला वाचून दाखवणार असेल, तर शेवटी छान म्हणू नका.